अंदमान-निकोबारची बेटं आणि तिथली मूळ माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला जाऊन आलेल्या माणसाला पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात, सेल्युलर जेल बघितलं का आणि ते आदिवासी दिसले का. पहिल्याचं उत्तर कोणीही देईल. दुसऱ्यावरून मात्र इतका गोंधळ असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं काय काय फिरत असतं, की एकदा नीट सगळं लिहून टाकलेलं बरं. भूगोलापासून सुरुवात करतो, कारण माणसं कुठे का टिकली आणि कुठे संपली ते त्याशिवाय कळत नाही.

ही बेटं नक्की आहेत कुठे? कोलकात्याच्या खाली ना?

शाळेच्या नकाशात उजवीकडे खाली चार ठिपके असायचे, तेवढंच आपल्याला आठवतं. पोर्ट ब्लेअर चेन्नईहून साधारण १२०० किलोमीटर आणि कोलकात्याहून १२५० च्या आसपास, म्हणजे दोन्हीकडून लांबच. उत्तरेचं टोक म्यानमारच्या कोको बेटांच्या शेजारी येतं आणि दक्षिणेचं टोक, इंदिरा पॉइंट, तिथून सुमात्रा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. म्हणजे त्या टोकाला उभं राहिलं तर इंडोनेशिया आपल्या मुख्य भूमीपेक्षा कितीतरी जवळ! उत्तर-दक्षिण पसारा सातशे किलोमीटरच्या वर, साधारण मुंबई-नागपूर सरळ रेषेत धरा तेवढा.

बेटं किती आहेत? कुठे ५७२ लिहिलंय कुठे ८३६.

दोन्ही बरोबर. जुना आकडा ५७२, नव्या मोजणीत छोटे खडक-बिडक सगळे धरून ८३६. माणसं राहतात ती जेमतेम तीसेक बेटांवर. एकूण क्षेत्रफळ ८२४९ चौरस किलोमीटर आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त जंगलच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती ३ लाख ८० हजार, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी.

समुद्राच्या मधोमध ही बेटं आली कुठून?

हे खरं तर डोंगर आहेत. म्यानमारमधली आराकान योमा डोंगररांग दक्षिणेकडे समुद्रात शिरते आणि पुढे पाण्याखालून चालत सुमात्राकडे जाते, तिची जी शिखरं पाण्याच्या वर राहिली ती ही बेटं. सगळ्यात उंच उत्तर अंदमानातलं सॅडल पीक, ७३२ मीटर. आता ही रांग उभीच का राहिली, तर भारताचा भूपट्ट इथे पूर्वेकडच्या बर्मा भूपट्टाखाली सरकतोय, अजूनही सरकतोय, आणि म्हणून भूकंप, ज्वालामुखी, सगळं एकाच ठिकाणी. बॅरन आयलंड हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला साधारण १४० किलोमीटर. दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ गप्प होता आणि १९९१ मध्ये पुन्हा सुरू झाला, त्यानंतर अधूनमधून धूर-लाव्हा चालूच असतो. बाराटांग बेटावर चिखलाचे ज्वालामुखी आहेत, ते दाखवायला टूरवाले नेतात पण अपेक्षा कमी ठेवा, राखाडी चिखलातून बुडबुडे येतात इतकंच.

२००४ च्या त्सुनामीत नक्की काय झालं?

२६ डिसेंबरला सुमात्राजवळ ९ च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला, आणि लाटेच्या आधीच सगळी बेटं जागच्या जागी कलली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा आणि नॉर्थ सेंटिनेल वर आले, इतके की प्रवाळ उघडे पडून मेले. पोर्ट ब्लेअर साधारण मीटरभर खाली गेलं, सिप्पीघाटची शेतं तेव्हापासून खाऱ्या पाण्यात आहेत. आणि निकोबार तर आणखी खचला. इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खाली गेला, तिथलं दीपगृह जमिनीवर होतं ते पाण्यात आलं. ट्रिंकेट नावाच्या बेटाचे तुकडे झाले, तिथल्या लोकांना कामोर्टाला हलवावं लागलं.

निकोबारी लोक हजारोंच्या संख्येने गेले कारण त्यांची गावं अगदी किनाऱ्यालगत, सपाट जमिनीवर. उलट लिटल अंदमानच्या ओंगे लोकांनी समुद्र मागे हटताना बघितला आणि सरळ उंच जागेकडे निघून गेले. त्यांच्यातलं कोणी दगावलं नाही.

अंदमान आणि निकोबार वेगळे का म्हणायचे, एकच केंद्रशासित प्रदेश आहे ना?

कागदावर एकच, पण मध्ये टेन डिग्री चॅनेल आहे, म्हणजे दहा अंश अक्षांशावरचा सुमारे दीडशे किलोमीटर रुंद खवळलेला समुद्र, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळीच जगं आहेत. वरच्या बाजूचे मूळ लोक ठेंगणे, काळेभोर, कुरळ्या केसांचे, शिकार करून आणि कंद-मध गोळा करून जगणारे, शेती कधी केलीच नाही. खालच्या बाजूचे निकोबारी आणि शोंपेन दिसायला आग्नेय आशियातले, डुकरं पाळणारे, नारळ-केवडा लावणारे. निकोबारी भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या, म्हणजे ख्मेर, मोन वगैरेंच्या नात्यातल्या, अंदमानी भाषांशी त्यांचा काही संबंध नाही. त्यामुळे ‘अंदमान-निकोबारचे आदिवासी’ असं सरसकट बोललं की अर्ध्याहून जास्त माहिती तिथेच चुकते.

एकूण जमाती किती?

सहा. अंदमानात ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनेली, निकोबारात निकोबारी आणि शोंपेन. निकोबारी सोडून बाकी पाच ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ मध्ये येतात. निकोबारी साधारण २७ हजार आहेत, बाकी पाचही गट मिळून हजारसुद्धा भरत नाहीत.

ग्रेट अंदमानी इतके कमी कसे झाले?

याचं उत्तर जरा लांब आहे, पण हेच समजून घेण्यासारखं आहे कारण बाकी जमातींबद्दलचे आजचे सगळे नियम यातूनच आलेत.

१८५७ च्या उठावानंतर कैद्यांना ठेवायला इंग्रजांनी १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला वसाहत काढली. त्या वेळी ग्रेट अंदमानींच्या दहा टोळ्या होत्या, प्रत्येकीची आपली बोली, सगळे मिळून काही हजार लोक. कैद्यांकडून जंगल तोडायला सुरुवात झाली ती याच लोकांच्या शिकारीच्या जागी. १७ मे १८५९ ला त्यांनी धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर चाल केली, तीच अ‍ॅबरडीनची लढाई. पण हल्ल्याची खबर आधीच फुटली होती. दूधनाथ तिवारी नावाचा पळून गेलेला कैदी वर्षभर त्यांच्यातच राहिला होता, तिथे लग्नही केलं होतं, त्याने येऊन इंग्रजांना सांगितलं आणि स्वतःची सुटका करून घेतली. बंदुकांपुढे बाण काय चालणार!

तरी लढाईत गेले त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक नंतर ‘मैत्री’त गेले. इंग्रजांनी अंदमान होम्स म्हणून आश्रयगृहं काढली, तिथे त्यांना आणून ठेवायचं, कपडे, तंबाखू, दारू, सगळं द्यायचं. त्याबरोबर सिफिलिस आला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली, आणि या लोकांच्या अंगात यातल्या कशालाच प्रतिकारशक्ती नव्हती. १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले, १९३१ मध्ये ९०, १९६१ मध्ये १९. एकोणीस! मग उरलेल्यांना स्ट्रेट आयलंडवर वसवलं. आज पन्नासेक आहेत, बाहेरच्यांशी लग्नं झालेली, बरेच जण पोर्ट ब्लेअरमध्ये राहतात, घरात हिंदी बोलतात. २०१० च्या जानेवारीत बोआ सीनियर नावाच्या आजी वारल्या, त्या बो भाषेच्या शेवटच्या बोलणाऱ्या. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बींनी त्यांच्याकडून जेवढं टिपता आलं तेवढं टिपून ठेवलंय. शेवटची काही वर्षं त्या आजींना आपल्या भाषेत बोलायला दुसरं माणूसच नव्हतं.

जारवा रस्त्यावर दिसतात म्हणे?

दिसू शकतात, आणि तीच अडचण आहे. जारवांचं राखीव जंगल दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम बाजूला आहे, सुमारे हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातूनच अंदमान ट्रंक रोड काढलाय. बाराटांगची टूर घेतली की पहाटे तीनला टॅक्सी निघते, जिरकाटांगच्या चेकपोस्टवर लाइन लागते आणि मग गाड्यांचा ताफा पोलिसांच्या देखरेखीखाली एकदम सोडतात. मध्ये थांबायचं नाही, काच खाली नाही, फोटो नाही, खायला काही द्यायचं नाही. नियम कडक आहेत आणि मोडले तर जेल होते.

गंमत अशी की अजून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत जारवा बाहेरच्या माणसावर सरळ बाण सोडायचे. १९९६ मध्ये एनमेई नावाचा एक जारवा मुलगा पाय मोडलेल्या अवस्थेत सापडला, त्याला पोर्ट ब्लेअरच्या हॉस्पिटलमध्ये काही महिने ठेवून बरा केला आणि परत सोडला, त्यानंतर १९९७ च्या ऑक्टोबरपासून जारवा आपणहून गावांकडे यायला लागले. दोन वर्षांत गोवराची साथ. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने राखीव भागातून जाणारा रस्ता बंद करायला सांगितलं, तो आजही चालू आहे. २०१२ मध्ये टुरिस्टांसमोर जारवा बायकांना खाऊसाठी नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा जगभर छी-थू झाली.

त्यांची संख्या २०११ मध्ये ३८० होती, आधीच्या जनगणनेपेक्षा वाढलेली, म्हणजे जंगल हातात असलं तर ही माणसं चांगली जगतात. रानडुक्कर, मासे, घोरपड, मध, कंद, सगळं तिथेच मिळतं. स्वतःला ते ‘अंग’ म्हणवतात.

बाराटांगला जायचंच असेल तर?

पोर्ट ब्लेअरहून समुद्रमार्गे बोट असते, सुरू आहे का ते आधी विचारून घ्या. वेळ जास्त लागतो. माझं विचाराल तर पन्नास मिनिटांच्या चुनखडीच्या गुहेसाठी कोणाच्या घरातून ताफा नेण्यात मला तरी मजा वाटत नाही, पण रस्ता स्थानिकांनाही लागतो, आजारी माणसं, भाजी, गॅस सगळं त्यावरूनच जातं, म्हणून ‘बंद करा’ म्हणणं मुंबई-पुण्यात बसून सोपं आहे हेही खरं.

सेंटिनेली लोक बाहेरच्यांना मारतात का?

बेटावर उतरायचा प्रयत्न केला तर हो. २००६ मध्ये दोन मच्छीमार मेले, त्यांची बोट रात्री वाहत किनाऱ्याला लागली होती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये धर्मप्रचाराला गेलेला एक अमेरिकन तरुण मेला. पण ‘रानटी म्हणून मारतात’ असं म्हणायच्या आधी मागचा हिशोब बघा. १८८० मध्ये पोर्टमन नावाचा इंग्रज अधिकारी शिपाई घेऊन उतरला, एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला आणली. सगळे आजारी पडले, म्हातारा-म्हातारी मेली, मुलांना भेटवस्तू देऊन परत नेऊन सोडलं. बरोबर कुठले आजार परत गेले ते कोणाला माहीत!

नॉर्थ सेंटिनेल साधारण ६० चौरस किलोमीटरचं बेट, पोर्ट ब्लेअरच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर. सगळीकडून प्रवाळाचा कडा, बंदर नाही, वर्षातले बरेच महिने समुद्र इतका खवळलेला की बोट लावणं मुश्किल. त्यांना आजवर वाचवण्यात बाणांपेक्षा या प्रवाळाचा वाटा जास्त आहे असं मला वाटतं.

सरकारी मानववंशशास्त्रज्ञ त्रिलोकनाथ पंडित १९६७ पासून तिथे जात होते, नारळ किनाऱ्यावर ठेवून मागे यायचं. १९९१ च्या जानेवारीत पहिल्यांदा सेंटिनेलींनी पाण्यात उतरून हातातून नारळ घेतले, त्या टीममध्ये मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. (बेटावर नारळ होत नाही, म्हणून त्याचं अप्रूप.) पुढे सरकारनेच या भेटी बंद केल्या, जारवांचं जे झालं ते बघून. आता धोरण असं की लांबून नजर ठेवायची आणि त्यांच्या वाटेला जायचं नाही. बेटाभोवतीच्या पट्ट्यात जायलाही बंदी आहे, १९५६ च्या आदिवासी संरक्षण कायद्याखाली.

त्यांची संख्या कोणी नीट मोजलेली नाही. २००१ च्या जनगणनेत ३९ आणि २०११ मध्ये १५ असे आकडे आहेत, पण ते लांब बोटीतून जेवढे दिसले तेवढे.

ते ६० हजार वर्षांपासून जसेच्या तसे अश्मयुगात आहेत, हे खरं का?

नाही. अंदमानी लोकांची वंशावळ खूप जुनी आहे हे जनुकीय अभ्यासातून दिसतं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यावर काम केलंय. पण वंश जुना म्हणजे जगणं गोठलेलं असं होत नाही. बेटांवर त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे मोठे ढिगारे आहेत, त्यातले अभ्यासलेले ढिगारे दोन हजार वर्षांच्या आसपासचे निघाले. आणि सेंटिनेलींच्या बाणांना लोखंडी टोकं आहेत! १९८१ मध्ये प्रिमरोझ नावाचं मालवाहू जहाज त्यांच्या प्रवाळात अडकलं, तिथून आणि आधीच्या फुटक्या जहाजांवरून ते लोखंड काढतात आणि ठोकून टोकं करतात.

नरभक्षक आहेत का?

नाही. मार्को पोलोच्या काळापासूनची अफवा आहे, एकही पुरावा नाही. फॉरवर्ड करू नका.

ओंगे कोण?

लिटल अंदमानचे मूळ रहिवासी. १९०१ मध्ये ६७२ होते, आता शंभरच्या थोडे वर. लिटल अंदमान पूर्ण त्यांचंच होतं, मग सत्तरच्या दशकाच्या आसपास बाहेरच्या लोकांना वसवलं, पाम तेलाची लागवड केली, लाकूडतोड झाली आणि ओंगे डुगाँग क्रीकसारख्या वस्त्यांमध्ये आले. रेशनचा तांदूळ, डाळ, चहापत्ती मिळायला लागली आणि शिकार कमी झाली. २००८ च्या डिसेंबरमध्ये किनाऱ्याला लागलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यातलं काहीतरी दारू समजून प्यायले आणि आठ जण मेले, शंभर जणांतले आठ.

त्यांची एक गोष्ट मला फार भारी वाटते. मध काढताना एका झाडाचा पाला चावून तो रस अंगाला फासतात आणि चघळून पोळ्यावर फुंकतात, मग मधमाश्या बाजूला होतात. धूर लागत नाही, माश्या मरत नाहीत.

निकोबारी लोकांबद्दल कोणी काहीच का सांगत नाही?

कारण ते बाण मारत नाहीत! शिकलेले, नोकऱ्या करणारे, बरेचसे ख्रिश्चन. बिशप जॉन रिचर्डसन हे त्यांच्यातलेच, बायबलचा नवा करार निकोबारीत आणला आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत या बेटांचे नियुक्त खासदार होते. कार निकोबारला तुहेत नावाची व्यवस्था आहे, म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, जमीन-नारळ-डुकरं तुहेतच्या मालकीची, एकट्याच्या नावावर काही नाही. जुनी घरं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गोल, खांबांवर उभी. त्सुनामीनंतर पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये आणि मग सरकारी घरांमध्ये त्यांना ठेवलं, मदतीचे पैसे छोट्या कुटुंबाच्या हिशोबाने वाटले, त्यात तुहेतची वीण बरीच उसवली.

शोंपेन आणि त्या मोठ्या प्रोजेक्टचं काय?

ग्रेट निकोबारच्या आतल्या जंगलात, नद्यांच्या काठाने शोंपेन राहतात, २०११ मध्ये २२९ मोजले होते. केवड्याच्या जातीचं फळ हे त्यांचं मुख्य अन्न. त्याच बेटावर गलाथिया खाडीत मोठं कंटेनर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि टाउनशिप यायचंय, सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यात जाणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली आणि त्याच महिन्यात तिथल्या आदिवासी परिषदेने आधी दिलेली ना-हरकत मागे घेतली. निकोबारी लोकांचं म्हणणं, त्सुनामीत सोडलेल्या आमच्या जुन्या गावांत आम्हाला परत जायचंय आणि तीच जमीन प्रकल्पात येतेय. गलाथियाला लेदरबॅक कासवंही अंडी घालायला येतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळची जागा आहे, तेव्हा संरक्षणाचा मुद्दा खोटा नाही. पण बंदर हवं म्हणून टाउनशिपही तिथेच का, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मग बाकीचे साडेतीन लाख लोक कोण?

सुटलेल्या कैद्यांची मुलं-नातवंडं, त्यांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. फाळणीनंतर वसवलेले बंगाली, रांचीकडून लाकूडतोडीला आणलेले आदिवासी, तमिळ, तेलुगू, केरळचे मोपला मुसलमान, बर्मातून १९२५ मध्ये आलेले कॅरेन. सगळ्यांची समाईक भाषा हिंदी. आपला माणूस म्हटला की सावरकर बंधूच आठवतात, विनायकराव १९११ ते १९२१ सेल्युलर जेलमध्ये होते. पण कॅम्बेल बेला, म्हणजे ग्रेट निकोबारला, १९६९ पासून निवृत्त सैनिकांची जी कुटुंबं वसवली त्यात पंजाबी, तमिळ, मल्याळी यांच्याबरोबर मराठीही होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

जंगलात वाघ-बिबटे?

एकही नाही. मूळचं मोठं जनावर म्हणजे रानडुक्कर. चितळ इंग्रजांनी आणून सोडले आणि ते माजले, जारवा त्यांना परंपरेने मारतही नाहीत. इंटरव्ह्यू आयलंडवर रानटी झालेले हत्ती आहेत, लाकडाची कंपनी बुडाली आणि हत्ती तिथेच राहिले. भीती बाळगायची ती खाऱ्या पाण्यातल्या मगरीची, खाडीजवळ पोहू नका, बोर्ड लावलेला असतो.

निकोबारला फिरायला जाता येतं का?

नेहमीच्या टूरसारखं नाही. आदिवासी राखीव भागाला प्रशासनाचा ट्रायबल पास लागतो आणि तो फिरायला म्हणून मिळत नाही. अंदमानला भारतीयांना काही परमिट नको.

नावं बदलली ना सगळी?

रॉस, हॅवलॉक आणि नीलची डिसेंबर २०१८ मध्ये, अनुक्रमे नेताजी सुभाषचंद्र बोस, स्वराज आणि शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम. टॅक्सीवाले जुनीच नावं घेतात.

कधी जावं?

नोव्हेंबर ते एप्रिल. मे संपायच्या आत मान्सून येतो आणि परतीचाही पाऊस पडतो, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर. घड्याळ आपलंच पण सूर्य मुंबईपेक्षा सव्वा तास पुढे, त्यामुळे डिसेंबरात पाच-सव्वापाचला अंधार. बीचचा प्लॅन सकाळचा करा.

आदिवासींबद्दल बघायचं-समजून घ्यायचं असेल तर टूरमध्ये काय करता येईल?

पोर्ट ब्लेअरचं मानववंशशास्त्र संग्रहालय बघा, सकाळचे दोन तास काढा. जारवांचे सालीचे छातीपट्टे, निकोबारी घराचं मॉडेल, होड्या, जुने फोटो सगळं आहे, आणि गर्दी नसते कारण सगळे स्कुबाला गेलेले असतात. अ‍ॅबरडीनच्या लढाईचं स्मारकही शहरातच आहे, ड्रायव्हरला मुद्दाम सांगावं लागतं, टूरच्या लिस्टमध्ये बहुतेक नसतं. आणि एखादा एजंट ‘जारवा नक्की दाखवतो’ म्हणाला तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.